चार बाय अठ्ठ्याण्णव

जुन्या फियाटला चाकं शोधायला निघालेल्या माणसाला जानेफळात सल्ला कमी पडत नाही, चाक पडतं. पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, ट्रॅक्टरचा मिस्त्री, पानटपरीवर उगाच उभा असलेला गडी, सगळ्यांचं एकमत ठरलेलं: "भाऊ, चाक ते चाक. चार भोकं हायेत नं? मंग काहून बसत नाही?"

या 'बसते'वर आमच्या मुलखाचा अर्धा संसार चाललेला आहे. फवारणीच्या पंपाला सायकलच्या ट्यूबचा वायसर बसतो. ट्रॉलीला ट्रकचं टायर बसतं. मोडीत निघालेल्या जीपचा अख्खा धुरा बैलगाडीखाली जातो आणि बैलांची तक्रार नसते. फक्त थोरल्या काकांची प्रीमियर पद्मिनी, इतकी वर्षं काळ्या मातीत राहूनही, या बाबतीत वऱ्हाडी झालेली नाही. बरेच पावसाळे एका जागी उभी राहिल्याने तिच्या रिमा गंजून पापुद्रे सुटले. नवी चाकं हवीत म्हटल्यावर गाडीने एकदम आपलं इटालियन कुळ बाहेर काढलं.

भानगड भोकांच्या संख्येत नाही, त्यांच्यातल्या अंतरात आहे. चाकाची चार भोकं एका न दिसणाऱ्या वर्तुळावर पाडलेली असतात. त्या वर्तुळाच्या व्यासाला टायरवाले पीसीडी म्हणतात. फियाटच्या घराण्यात तो ९८ मिलिमीटर. गावात आता गल्लोगल्ली दिसणाऱ्या स्विफ्टचा आणि जुन्या इंडिकाचा १००. मारुती ८०० चा ११४.३. हा आकडा कुणी झोपेत ठरवला असं वाटतं, पण ते बरोब्बर साडेचार इंच आहेत. भारतात १९५६ साली कायदा होऊन मेट्रिक मापं आली, पुढच्या वर्षी नवे पैसे आले, आणे-पै गेले. चाकापाशी मात्र हा कायदा पंक्चर झाला. टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. त्यातले १६५ हे रुंदीचे मिलिमीटर, ८० हे टक्के, म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती ते, आणि १४ हे रिमचे इंच. एका ओळीत तीन मापं, आणि गिऱ्हाइकाने मान डोलवायची.

मारुतीचं चाक नाही बसलं तर माणूस समजून घेतो. बारा इंची चाक चौदा इंची चाकाशेजारी ठेवलं की आंधळ्यालाही कळतं. छळतं ते शंभरवालं. दिसायला तेच, उंचीला तेच, चार भोकं तीच. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून जेमतेम एक मिलिमीटर सरकलेलं. मेहकरच्या एका मिस्त्रीने काकांना छातीठोकपणे सांगितलं, "बसवतो नं! जरासं कसून घेऊ." आणि खरंच, कसलं की ते आत जातं. पण बोल्टचा निमुळता गळा भोकाच्या कडेवर सगळीकडून टेकण्याऐवजी एकाच बाजूने टेकतो. चाक किंचित लचकत फिरतं, बोल्ट हळूहळू ढिले होतात, आणि एखाद्या दिवशी आपलंच चाक आपल्याला ओव्हरटेक करून पुढे जातं. परदेशात या दोन मिलिमीटरसाठी डुलत्या गळ्याचे खास बोल्ट मिळतात म्हणे. हे ऐकून मिस्त्री म्हणाला, "म्हंजे तेबी बसवतेतच नं?" यावर काकांजवळ उत्तर नव्हतं.

गावातल्या सुताराला हा प्रश्न कधी पडला नसेल. बैलगाडीचं चाक ज्या गाडीचं त्याच गाडीचं. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि वरून लोखंडी धाव. गोवऱ्यांच्या आरात लालबुंद केलेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लाकूड करपल्याचा वास येतो, आणि आकसणारं लोखंड सगळे सांधे असे आवळून धरतं की खिळ्याची गरज राहू नये. पुढे एखादा आरा मोडला तर सुतार तेवढाच आरा बदलून देई. दोन चाकांमधलं अंतर तेवढं सगळ्यांना सांभाळावं लागे, नाहीतर पांदणीतल्या चाकोरीत गाडी उतरायची नाही. बाकी माप सुताराच्या हातात. कुठल्याच दोन गाड्यांची चाकं तंतोतंत सारखी नव्हती आणि तरी कुणाची गाडी चाकावाचून पडून राहिली नाही.

एकसारख्या चाकांची गोष्ट उलटी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९७४ च्या सुमारास तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. तोवर आणि त्यानंतरही कुठल्याही फियाटचं चाक काढून कुठल्याही फियाटला लावा, बसणार म्हणजे बसणार. ही केवढी सोय! फक्त ती कारखान्याच्या भोंग्यावर अवलंबून. २००० च्या आसपास पद्मिनी निघायची थांबली आणि त्या हजारो सारख्या चाकांना भाऊबंद मिळेनासे झाले. सुतार मेला तर त्याचा पोरगा तरी असतो.

मुंबईत टॅक्सीवाल्यांनी तिला पुष्कळ जगवलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. सुटे भाग हवे असतील तर आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडचंच नाव निघतं. म्हणजे जिथे जन्म झाला, तिथेच भंगार. काकांनी भाच्याकरवी तिकडे चौकशी केली, पण चाकाच्या किमतीपेक्षा वाहतूक जड होती.

इतका खटाटोप कशासाठी, तर काकांना पद्मिनीतून समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचंय. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला तेव्हापासून त्यांनी हे मनात घेतलंय. तिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. पद्मिनीला ही मुभा देणं म्हणजे तिची थट्टाच, पण ते काकांना कोण सांगणार? त्यांना भीती फक्त टायर तपासणीची. त्या रस्त्यावर गाड्या सोडण्याआधी टायर बघतात आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत फिरवल्यात, हे त्यांनी पेपरात वाचलेलं. नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. काकांच्या टायरची नक्षी अगदी कोरी आहे, कारण ते फिरलेलंच नाही. पण बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. काकांच्या टायरवर २३०९ आहे, म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. रबर जागच्या जागी म्हातारं झालंय. त्याला बारीक भेगा पडल्यात. काका म्हणतात, नक्षीच आहे ती.

शेवटी चाकं सापडली ती कुठल्या दुकानात नाही, शिवारात. एका आबाजींच्या शेतात पाण्याच्या टाकीचा गाडा उभा होता. त्याखाली कधीकाळच्या कुठल्या तरी पद्मिनीचा मागचा धुरा, चाकांसकट. काकांनी वाकून टेप लावला आणि समोरासमोरची भोकं मोजली. अठ्ठ्याण्णव. रिमांवर वंगण आणि शेणाचा असा थर होता की गंजाला आत शिरायला वावच मिळाला नव्हता.

"आबाजी, ही चाकं विकता का?"

"इकतो काहून? गाडा मंग का डोक्यावर नेऊ?"

बराच वेळ घासाघीस झाली. मग तोडगा आबाजींनीच काढला. "तुमची चाकंबी फियाटचीच हायेत नं? मंग अदलाबदल करा. माह्या गाड्याले गंजकी चालतेत. मले का समृद्धीवर जायचं हाय?"

काका हरखले. दोन चाकं झाली. पण गाडीला लागतात चार, शिवाय स्टेपनी. आबाजींनी तंबाखू मळत सांगितलं, "डोणगावले माह्या साडूजवळ अस्साच दुसरा गाडा हाय. पण तुमीच जा बरं का. माह्यं नाव सांगू नका, तो माह्याशी बोलत नाही."