वारा समोरून आहे

सदाशिव पेठेत क्रिकेटवर बोलणारे घरटी दोन आणि नाटकावर बोलणारे चार निघतात. गोल्फवर बोलणारा मात्र गल्लीला फार तर एक. त्यालाही गोल्फपेक्षा वाऱ्यावर बोलायला जास्त आवडतं. निंबाळकर तालमीच्या आसपास असा एक नमुना राहतो. पेठ त्यांना गोल्फकाका म्हणते, आपणही तेच म्हणू.

काका बँकेतून निवृत्त झालेले. क्लबाचे सभासद नाहीत. सभासद आहेत ते त्यांचे शाळासोबती डॉक्टर. सभासदत्वाचा आकडा ऐकल्यावर काकांनी तेवढ्या रकमेवर मुदत ठेवीचं व्याज किती सुटेल ते तोंडी काढलं आणि कायमचा पाहुणा राहणं पसंत केलं. रविवारी सकाळी ते स्कूटरवर पुढच्या बाजूला काठ्यांची लांबट पिशवी उभी करून निघतात. पेरुगेटापाशी कोणीतरी हटकतंच, "काय काका, तंबोरा जवारीला का?" काका न थांबता सांगतात, "नाही, येरवड्याला चाललोय." पूना क्लबाचं अठरा होलांचं मैदान येरवड्यात आहे, ही गोष्ट पेठेत फारशी कोणाला ठाऊक नाही. येरवडा म्हटल्यावर पेठेला दोनच संस्था आठवतात. त्यातली काकांसाठी कोणती, हे जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवतो.

पेठेनं या खेळाला मान दिला तो एकदाच, ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी होती आणि ज्यांनी आयुष्यात गोल्फचा चेंडू पाहिला नव्हता ते चहा घेऊन टीव्हीसमोर बसले होते. काकांच्या घरी शेजाऱ्यांची रीघ लागली. या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, हे काकांनी समजावल्यावर पेठेला खेळ एकदम पटला. कमी खर्चात काम उरकणं हे इथं शिकवावं लागत नाही. अदिती चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. "वारा असता तर जिंकली असती," असं काका म्हणाले. का, ते कोणी विचारलं नाही.

वाऱ्याचा अभ्यास घरापासून सुरू होतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या कचेरीला जुने लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. एवढी कचेरी हाताशी असताना काका पहाटे गच्चीवर उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघतात. चारी बाजूंनी इमारती उठल्यामुळे धूर आधी स्वतःभोवती फिरतो आणि मग काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत शिरतो. त्यावरून काका येरवड्याचा वारा ठरवतात. गच्चीच्या दारावर पाटी आहे : 'गच्चीत गोल्फ खेळू नये. वारा पडला असला तरीही.' पाटी सोसायटीची. तिच्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या त्या काकांनी.

मैदानावर चौघे असतात. डॉक्टर, एक निवृत्त कर्नल, एक बांधकाम व्यावसायिक आणि काका. खेळ मैत्रीचा, पैज चहा-ऑम्लेटची. पण मैत्री म्हणजे काय, यावर काकांची मतं ठाम आहेत. होलापासून वीतभर अंतरावर थांबलेला चेंडू 'गेलाच' म्हणून उचलू देण्याची चाल मित्रांमध्ये सगळीकडे असते. काका ती सवलत हक्कानं घेतात. द्यायची वेळ आली की त्यांना बुटाची नाडी सैल झाल्याचं आठवतं.

जून ते ऑगस्ट पुण्यात पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा काका खरे फुलतात. चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायचं आणि डोळे बारीक करायचे, की भाषण सुरू. चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नसतं, म्हणजे लक्ष्मी रोडच्या हिशेबात पाच तोळेसुद्धा भरत नाही, त्याला वारा नेणारच! समोरून वारा असेल तर सात नंबरच्या काठीऐवजी पाच नंबरची घ्यावी आणि हलका, बुटका फटका मारावा. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते आणि तो पुढं जाण्याऐवजी वर चढतो. हे सगळं अगदी बरोबर आहे. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठचा वारा परत देत नाही, हेही खरं. काका म्हणतात, कर्जाचं व्याज आणि ठेवीचं व्याज यांत बँक ठेवते तसाच हा फरक. एवढं सांगून झाल्यावर ते सात नंबरचीच काठी घेतात आणि दातओठ खाऊन हाणतात. चेंडू आकाशात जातो, क्षणभर विचार करतो आणि डावीकडच्या झाडीत उतरतो.

"वारा," काका म्हणतात.

"साहेब, आत्ता वारा नव्हता," काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी सांगतो. तो याच भागात वाढलेला. झाडाच्या शेंड्याकडे बघून त्याला जे कळतं ते काकांना उदबत्तीचा पुडा संपवूनही कळत नाही.

"तुला इथं खाली लागला नसेल. वर होता."

वर कोण जाऊन बघणार? काकांच्या वाऱ्याचं सगळं सामर्थ्य यात आहे. चांगला फटका बसला की तो मनगटाचा. त्या दिवशी मागून वादळ असलं तरी त्याचा उल्लेख नाही. डॉक्टरांचा चांगला बसला तर मात्र, "वाऱ्यानं नेला हो, नशीबवान आहात."

२०१९ साली नियम बदलले, तेव्हा काका आठवडाभर आनंदात होते. ग्रीनवरचा, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचा, चेंडू वाऱ्यानं हलला तर काय? उचलून पुन्हा ठेवलेला असेल तर मूळ जागी आणायचा. उचललाच नसेल तर जिथं थांबला तिथून खेळायचं. एका झुळकीला दोन निकाल! हा नियम पेठेतच कोणीतरी लिहिला असावा असा मला दाट संशय आहे. हरवलेला चेंडू शोधायला पाचाऐवजी तीन मिनिटं, हा त्याच वेळचा बदल मात्र त्यांना अजून मान्य नाही. कारण काका आपला चेंडू शोधतच नाहीत, इतरांचे शोधतात. जाताना पिशवीत सहा असतात, येताना नऊ. पाण्यावरून मारायचा असला की त्यातला सर्वात जुनाट निघतो. तो बुडतो. नवा मारला असता तर पार गेला असता, ही हळहळ पुढची दोन होल पुरते.

कर्नल दर रविवारी जिंकतात. त्यांच्या दिशेनंही तोच वारा वाहतो, हे त्यांनी एकदा काकांना नम्रपणे सुचवून पाहिलं. काकांनी उत्तर दिलं, "तुम्ही लष्करातले. तुम्हाला सवय आहे."

चौथा गडी आजारी पडला तर काका तुम्हालाही बोलावतील. जरूर जा. सकाळ छान जाते, माणूस मनानं निर्मळ आहे आणि वाऱ्याबद्दल तो जे सांगतो त्यातलं बरंचसं खरं असतं. फक्त चेंडूंवर पेननं आपली खूण करून ठेवा आणि ऑम्लेटचे पैसे सुटे न्या. पाहुण्यानं बिल द्यायचं नसतं हा नियम काका पाळतात, आणि तिथं तुम्हीही पाहुणेच असलात तरी त्यांचं पाहुणेपण तुमच्यापेक्षा जुनं आहे.