आधी मतं, मग भाडं

निर्वासित नकोत म्हणून मतं मागायची आणि ते आले की त्यांच्या खाटांचं भाडं सरकारकडून घ्यायचं. स्वीडनच्या बर्ट कार्लसनने ही दोन्ही कामं केली. या कारकिर्दीचं कौतुक करणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

कार्लसन पश्चिम स्वीडनमधल्या स्कारा गावचा. गाण्याच्या रेकॉर्डची कंपनी आणि उन्हाळी करमणुकीचा प्रचंड पार्क, ही त्याची कमाई. युरोव्हिजन स्पर्धा १९८४ साली जिंकणारे हेरेस बंधू त्याच्याच कंपनीचे. लोक कशावर पैसे टाकतील हे त्याला बरोबर कळायचं. नोव्हेंबर १९९० मध्ये त्याने इयान वाक्टमेइस्टर या सरदार घराण्यातल्या उद्योगपतीबरोबर 'दागेन्स नीहेतेर' या दैनिकात एका पक्षाचा कार्यक्रम छापला. पक्ष तेव्हा जन्मलाही नव्हता. कर कमी करा, नोकरशाही छाटा, निर्वासितांना आवरा. सभेत दोघे बिअरचे क्रेट एकावर एक रचून देशाचं अर्थकारण समजावत. सप्टेंबर १९९१ मध्ये 'नवी लोकशाही' पक्षाला ६.७ टक्के मतं पडली आणि ३४९ पैकी २५ जागा मिळाल्या.

निकालाच्या रात्री हे दोघे टीव्हीच्या स्टुडिओत येऊन बसताच लिबरल नेते बेंग्ट वेस्टरबेरी सोफ्यावरून उठून गेले. त्यांचं उठणं मला पटतं. पुढचं पटत नाही. कार्ल बिल्ड यांचं चार पक्षांचं सरकार अल्पमतात होतं, वेस्टरबेरी त्यात उपपंतप्रधान होते आणि ठराव तरायला याच २५ मतांकडे पाहावं लागत होतं.

आणि काळ कसला होता? ऑगस्ट १९९१ ते जानेवारी १९९२ या महिन्यांत एका माथेफिरूने परदेशी दिसणाऱ्या ११ जणांवर गोळ्या झाडल्या, त्यातला एक मेला. त्या गोळ्यांचा दोष मी कार्लसनच्या पक्षावर टाकत नाही. पण रस्त्यावर माणसं जीव मुठीत धरून चालत असताना संसदेत बसलेल्याने जीभ सांभाळायला हवी होती. त्याच्या पक्षाने ती सांभाळली नाही.

१९९४ मध्ये आपसातल्या भांडणांनी पक्ष फुटला, मतं १.२ टक्क्यांवर आली आणि कार्लसनची खासदारकी संपली. निर्वासितविरोधी राजकारणाला असलेली, त्याने सिद्ध केलेली मागणी मात्र उरली. स्थलांतरविरोधी 'स्वीडन डेमोक्रॅट्स' पक्षाचे लोक २०१० मध्ये ५.७ टक्के मतं घेऊन संसदेत शिरले. २०२२ मध्ये त्यांना २०.५ टक्के मतं पडली.

दरम्यान कार्लसनने नवा धंदा काढला होता, आश्रय मागणाऱ्यांच्या निवासाचा. स्थलांतर खात्याकडे जागा नव्हती, म्हणून ते खाजगी मालकांना खाटेमागे दिवसाचे पैसे मोजत होतं. २०१५ साली १ लाख ६२ हजारांवर माणसं स्वीडनच्या दारात आली आणि कार्लसन या धंद्यातल्या मोठ्या नावांपैकी एक झाला. यात बेकायदा काही नाही. थंडीत कुटुंबांना छप्पर मिळालं, तेही खरं. त्याचे चाहते म्हणतात, बघा, शेवटी त्यानेच निर्वासितांची सोय केली.

मला राग येतो तो इथेच. रिकाम्या इमारती शोधायच्या, झटपट खाटा लावायच्या, स्वयंपाकघर चालू करायचं, हे सगळं त्याला येत होतं. १९९२ साली युगोस्लाव्हिया पेटल्यावर स्वीडनमध्ये ८४ हजार जणांनी आश्रय मागितला, त्यात बोस्नियातून जीव वाचवून आलेलेही होते. त्या वर्षी हा माणूस खासदार होता. सरकार ज्यांच्या मतांवर टिकून होतं त्यांच्यापैकी एक होता. तेव्हा त्याने ही हुशारी निर्वासितांसाठी वापरली नाही, कारण तेव्हा त्यांच्याविरुद्ध बोलून मतं मिळत होती.