बाराशे वॅटचे काका

चऱ्होलीत शेतं जाऊन सोसायट्या आल्या आणि बहुतेक सोसायटीत एक तरी डेकवाले काका राहायला आले. त्यांचं घर ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे लाकडी स्पीकर उभे असतात. एकावर क्रोशाचा रुमाल आणि माउलींची तसबीर, दुसऱ्यावर वायफायचा राउटर आणि मनीप्लांट. राउटर चालतो, मनीप्लांट वाढतो, स्पीकर वाजत नाहीत. का वाजत नाहीत, हे काकांना विचारू नये. विचारलंत तर निदान दोन चहा होतात.

काकांची उमेदीची वर्षं टेल्कोत, बजाजमध्ये नाहीतर भोसरीच्या एमआयडीसीत गेली. राहायला प्राधिकरणात होते. मुलाला खराडीत नोकरी लागली, तेव्हा त्याला जवळ आणि आपल्याला आळंदी जवळ, असा हिशेब करून सगळे चऱ्होलीत आले. सामान हलवताना टेम्पोत आधी डेक चढला, मग देव, मग आपण, असं काकू अजून सांगतात. काकांना त्यात टोमणा ऐकू येत नाही. जड सामान आधीच चढवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

ज्यांनी १९८० चं दशक पाहिलं नाही त्यांना डेक या वस्तूचा मान कळायचा नाही. १९९१ च्या आधी परदेशी माल म्हणजे कस्टमचं भलंमोठं ओझं. त्यामुळे डेकचे तीन वर्ण होते. सगळ्यात वर दुबईहून कुणाच्या तरी मेव्हण्याने आणलेला. त्याखाली आपल्याकडचा कंपनीचा, म्हणजे फिलिप्सचा, नाहीतर शौकिनाच्या घरी कॉस्मिकचा किंवा कलकत्त्याच्या सोनोडाइनचा. आणि तिसरा असेंबल केलेला. काकांचा हा तिसरा. दिवाळीच्या बोनसमधून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन एकेक पार्ट आणला, स्पीकरच्या पेट्या पॅटर्न शॉपमधल्या सुतारमित्राने जोडून दिल्या, आणि ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक कुठे घडला हे काका आजही हळू आवाजात सांगतात. त्या हीटसिंकवर 2एन3055 जातीचे, लोखंडी टोपी घातलेले चार ट्रान्झिस्टर बसले आहेत. पाहुण्यांना देवघराआधी ते दाखवले जातात.

या संसारात पुढे भर पडत गेली. थोरल्या भावाने घर रिकामं करताना एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर दिला. मुलाच्या दहावीनंतर, नव्वदच्या दशकात, तीन सीडींची म्युझिक सिस्टिम आली. तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं होतं. ते खोकं माळ्यावर जपून ठेवलेलं आहे आणि सोसायटीतली पोरं काकांना त्याच आकड्याने ओळखतात.

मुलगा इंजिनिअर झाल्यावर त्याने एकदा सिस्टिम उलटी करून मागची पट्टी वाचली. तिथे ‘वीजवापर ४० वॅट’ असं लिहिलेलं. पीएमपीओ म्हणजे अगदी क्षणभर, कागदावर निघू शकणारी ताकद. ती कशी मोजायची याचं सर्वमान्य प्रमाणच नव्हतं, त्यामुळे ज्याला जेवढा धीर तेवढा आकडा तो छापायचा. सलग वाजताना किती वॅट निघतात ते सांगणारा आरएमएसचा आकडा खोक्यावर शोधून सापडायचा नाही. “बाबा, भिंतीतून चाळीस वॅट आत जातात आणि बाराशे बाहेर येतात, हे ऊर्जेच्या नियमात बसत नाही,” मुलगा म्हणाला. काका म्हणाले, “तुझा नियम शाळेतला आहे. हा जपानी आहे.”

आता प्रश्न असा आहे की हे सगळं ठेवायचं, दुरुस्त करायचं की विकायचं. काकांचं यावर ठाम मत आहे. फक्त ते समोर कोण बसलं आहे यावर अवलंबून असतं.

काकूंसमोर ते विकायच्या बाजूचे असतात. “अगं, दिवाळीच्या आत काढून टाकतो,” हे वाक्य कुठल्या दिवाळीबद्दल आहे ते काकूंनी विचारायचं सोडलं आहे.

मेकॅनिकसमोर ते दुरुस्तीचे कट्टर पुरस्कर्ते होतात, पण अटी घालून. बंद पडलेल्या डेकची दुखणी ठरलेली असतात. कॅसेट फिरवणारा रबरी बेल्ट वर्षानुवर्षांत वितळून काळा चिकट लगदा होतो आणि बोटाला लागला की साबणाला दाद देत नाही. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, मग गाण्याच्या आधी घूं असा आवाज येतो. आपली वीज ५० हर्ट्झची. डायोडमधून गेल्यावर तिची लाट दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची होते, आणि कपॅसिटरने ती गिळली नाही की हीच घूं स्पीकरवर उमटते. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खर्रखर्र होते. स्पीकरच्या कडेची फोमची रिंग दमट हवेत कुजून तिचा चुरा होतो. कोन शाबूत असला तरी वूफर फडफडतो. यातलं काहीच असाध्य नाही. बेल्ट मिळतो, कपॅसिटर मिळतो, वूफर रीकोन करून मिळतो. मेकॅनिक मात्र पेटी उघडतो, आत डोकावतो आणि एकच सल्ला देतो, “काका, यातलं सगळं काढून ब्लूटूथचं किट टाकू. यूएसबी पण चालेल, रिमोट पण येईल.” काका उठून उभे राहतात. ट्रान्झिस्टरला टोपी असलेल्या काळातला माणूस नखाएवढ्या आयसीपुढे मान तुकवत नसतो.

म्हणून मग दुरुस्ती घरीच. तिची सुरुवात सिरीज बल्बने होते. बरीच वर्षं बंद असलेलं यंत्र थेट भिंतीत खुपसायचं नाही. १०० वॅटचा साधा बल्ब त्याच्याबरोबर सिरीजमध्ये जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. एलईडी लावून हे काम होत नाही, त्याला तारेचाच बल्ब हवा. म्हणून लोणच्याच्या बरण्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बल्ब काकांनी दडवून ठेवले आहेत. एका रविवारी शेजाऱ्यांना बोलावून प्रयोग झाला. बल्ब चमकला, मंद झाला. काकांनी गीतरामायणाची कॅसेट घातली, आवाज वाढवला, हात वर केला. नेमकं त्याच क्षणी लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उडालं. ते लांब गेल्यावर सगळ्यांनी कान दिला तेव्हा घूं चालू होती. ती सुखोईची की डेकची, यावर शेजाऱ्यांत दोन तट पडले. काकांनी सुखोईच्या बाजूने मत दिलं.

भंगारवाल्यासमोर काकांचं तिसरंच रूप. त्याला ना टोप्या दिसतात ना सुतारमित्राचं पॉलिश. तो ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन तांब्याचा अंदाज करतो, वूफरमागचं लोहचुंबक ठोकतो आणि सगळ्याचा एकच भाव किलोवर सांगतो. एकेकाळी हा माल मोशी ओलांडून चिखलीच्या कुदळवाडीत जायचा. तिथली हजारो शेड आणि गोदामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली, तेव्हा काका बातमी मोठ्याने वाचून दाखवत म्हणाले, “बघ, बरं झालं आपण दिला नाही.” ई-कचऱ्याचे नवे नियमही त्यांना पाठ आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले आणि जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यांच्या डेकचा उत्पादक म्हणजे ते स्वतः आणि एक सुतार, हे काकूंनी लक्षात आणून दिलं.

मुलाने शेवटी मोबाइलवरून जाहिरात टाकली. पहिल्या तासात सात निरोप आले, सातही ‘लास्ट किती?’ असे. काकांनी प्रत्येकाला आधी हीटसिंकची माहिती कळवली. पुन्हा कुणाचं उत्तर आलं नाही.

अशा वेळी काकांना अमेरिका धीर देते. तिथे २०२२ मध्ये रेकॉर्ड सीडींपेक्षा जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ मध्ये आला, २०१० मध्ये कंपनीने बंद केला आणि २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आणला. हे सगळं काका तारखांसकट सांगतात. यातून आपल्या असेंबल डेकचा भाव कसा वाढतो, तेवढी एक पायरी ते गाळतात.

तरीही एका रविवारी काका खरंच निघाले. फिएस्टा पिशवीत घातला, आळंदीहून येणारी मनपाची बस धरली आणि मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात गेले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे डेक, घड्याळं, नळाच्या तोट्या, पितळी भांडी एकाच चादरीवर सुखाने नांदतात. कोथरूडचा एक तरुण पुढे आला. दाढी राखलेली, घरी दोनशे रेकॉर्ड. त्याने किंमत विचारली आणि घासाघीस न करता होकार दिला. इथेच गडबड झाली. काका मुलीच्या बापासारखे बोलू लागले. घरी कोण कोण असतं? खिडकीतून ऊन येतं का? लहान मुलं आहेत? सुई कधी बदलायची, माहीत आहे? तरुणाने सगळ्याची नीट उत्तरं दिली, पण ‘व्होल्टेज स्टॅबिलायझर आहे का’ या प्रश्नावर तो अडखळला. काकांनी पिशवीचे बंद आवळले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. दुसरीत आणखी एक फिएस्टा, झाकण तुटलेला, मोटर जाम झालेला. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा काकांनीच खुलासा केला, “पार्ट्ससाठी आणलाय. स्वस्तात मिळाला.”

“कुठल्याचे पार्ट्स कुठल्याला घालणार?” काकूंनी विचारलं.

काकांनी दोन्ही प्लेअर वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी मांडले, चष्मा पुसला आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला उठले. आधी दोन्ही उघडून बघावे लागतील, म्हणाले, त्याशिवाय ठरवता येणार नाही.