कंबरेत शिरलेली उदासी

जबलपुरात उदास व्हायची सोय नाही. मराठी घरात तर नाहीच नाही. गन कॅरेज फॅक्टरीत किंवा विद्युत मंडळात उभी हयात घालवलेले काका निवृत्त होतात, खिडकीशी बसून राहतात, वरणभात पुढे ढकलतात, पहाटे तीनला जागे होतात. विचारलं तर काकू सांगतात, "काही नाही हो, कंबर धरलीये त्यांची." कंबर धरायला हरकत नाही. गुडघा दुखला तर कौतुकच, सल्ले द्यायला अर्धं राईट टाउन हजर. मन दुखलं म्हणालात की सोयरिकी तुटतात. तेव्हा मन बिचारं कंबरेच्या नावाने अर्ज भरतं. अर्ज अगदीच खोटा नसतो म्हणा. नैराश्यात अंग खरोखरच दुखतं.

हा अर्ज मंजूर होतो नाक्यावरच्या मेडिकलवर. "कहाँ दर्द है, अंकल?" "पूरे बदन में." चिठ्ठी कुणी मागत नाही, आणि पट्टी हातात येते ट्रामाडॉलची. त्याच संध्याकाळी काका नातवाशी दोन शब्द बोलतात. काकू देवापुढे साखर ठेवतात. गोळी लागू पडली!

ती लागू पडते हीच खरी पंचाईत. ट्रामाडॉल हे अफूच्या जातकुळीचं वेदनाशामक. मेंदूत अफू जिथे जाऊन बसते तिथेच ते बसतं. शिवाय सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं ते जरा जास्त वेळ घुटमळत ठेवतं, आणि नैराश्याची कित्येक औषधं नेमकं हेच करतात. म्हणजे काकांना बरं वाटलं हा भास नव्हे. फरक इतकाच की मनोविकारतज्ज्ञाची गोळी रंग दाखवायला दोन-चार आठवडे घेते, तर ही तासाभरात दाखवते. पाचव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून पहिली बंद करणारा रुग्ण दुसरीला वर्षभर सोडत नाही. आपल्याला आंबासुद्धा अढीत ठेवायला धीर नसतो, मनाला कुठून आणणार?

आणि ही युक्ती काकांनी शोधलेली नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत उदासीवर रीतसर अफूचा अर्क देत. क्रेपेलिनसारखा मानसोपचाराचा मोठा पंडितही त्याची शिफारस करी. 1957 साली इमिप्रामाइन हे नैराश्यावरचं औषध आलं आणि अफूचा जमाना ओसरला. तरी मोह सुटेना. एका अमेरिकी कंपनीने ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गीय औषधाला नशा रोखणारं दुसरं औषध जोडलं आणि नैराश्यासाठी परवाना मागितला. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 21 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं, फायद्यापेक्षा जोखीम जड आहे. पुढच्या फेब्रुवारीत प्रशासनानेही नकार कळवला. इतक्या चाचण्या, इतके तज्ज्ञ, आणि उत्तर नाही. आमच्या नाक्यावर तोच निकाल दीड मिनिटात लागतो, तोही होकारार्थी.

पुढचा हिशेब असा. महिन्याभरात एका गोळीचं काम दोन करू लागतात. दोन घेतल्या की पोट साफ होत नाही, झोप उडते, चिडचिड वाढते. एखादा दिवस चुकला की घाम, थरथर, जीव नकोसा. घरचे म्हणतात, पाहा, कंबर पुन्हा धरली. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं, की तीन महिन्यांहून जास्त काळ अफूवर्गीय गोळ्या घेणाऱ्यांत नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण वाढतं. ज्याच्यासाठी घेतली तेच व्याजासकट परत.

यात काकांच्या मुलाने समंजसपणा करून त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, तर आणखी गंमत. कंबरेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण 'ती काय, दुखण्याची'. फ्लुओक्सेटिन यकृतातलं असं एक एन्झाइम अडवतं, ज्याच्याशिवाय ट्रामाडॉल नीट वेदना मारू शकत नाही. दुखणं राहतं, म्हणून काका तिसरी गोळी घेतात. इकडे सेरोटोनिन साचत जातं. ताप, थरथर, भ्रम, कधी फिट. वर संध्याकाळी दोन पेग असले तर झोपेत श्वास मंदावतो, आणि सकाळी घरात 'झोपेतच गेले, पुण्यवान' असं ऐकू येतं. ट्रामाडॉलच्या अमेरिकी माहितीपत्रकात साफ इशारा होता: आत्महत्येचे विचार असलेल्याला किंवा व्यसनाकडे कल असलेल्याला हे देऊ नका. पत्रक वाचतो कोण? त्याची घडी तर जशीच्या तशी कचऱ्यात जाते.

दुखऱ्या माणसाला गप्प करणं म्हणजे बरं करणं, ही समजूत आपल्याकडे जुनीच. गेल्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूची बाळगोळी चारून जात. मूल दिवसभर रडत नसे. भुकेने रडणारं मूलही रडत नसे. त्या बायांना दुसरा पर्याय नव्हता. आपल्याला आहे.

सरकार झोपलेलं नाही, कुशीवर वळतं अधूनमधून. 2014 पासून ट्रामाडॉल एच-1 यादीत आहे: लाल चौकट, डॉक्टरची चिठ्ठी, दुकानात वेगळी नोंदवही. 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. परिणाम? 'नशीले इंजेक्शन' पकडल्याची बातमी जबलपूरच्या पेपरात इतक्या नेमाने येते, की तिला राशिभविष्याशेजारी कायमची जागा द्यावी. याच राज्याच्या पश्चिम टोकाला, मंदसौर-नीमचला, सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी कर्करोगाने तळमळणाऱ्याच्या घरच्यांना मॉर्फिनसाठी वणवण करावी लागते. ज्याच्यासाठी हे औषध आहे त्याला कागद पुरे पडत नाहीत. ज्याच्यासाठी नाही, त्याला कागद लागत नाही.

आता कामाचं. हे सदर वाचून कुणी ताडकन गोळ्या नाल्यात फेकू नयेत. महिनोन् महिने घेतलेलं औषध एकदम तोडणं हा वेगळाच धोका. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरायचं. सुरुवात म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चेहराही दिसत नाही. नाहीतर सरळ सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात जावं आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट सोबत न्यावं, अगदी 'दुखण्याची' म्हणून वगळलेलीसुद्धा. बाकड्यावर ओळखीचं कुणीतरी भेटणारच, जबलपूर आहे. घाबरायचं कारण नाही. तेही तुम्हाला हेच सांगतील, की ते दुसऱ्याच कुणाबरोबर आलेत.