पाटीपंडित

पुण्याच्या जुन्या पेठांतून जाताना एखाद्या दुकानासमोर, ना काही घ्यायचे ना कोणाला भेटायचे अशा निष्काम वृत्तीने, मान किंचित तिरपी करून वर पाहत उभे असलेले साठीपलीकडचे गृहस्थ आढळले, तर ते पावसाचा अंदाज घेत आहेत असा ग्रह करून घेऊ नये. ते पाटी वाचीत असतात, किंवा काटेकोरपणे सांगायचे तर पाटीवरील मजकूर वगळून बाकी सर्व काही वाचीत असतात.

सामान्य पुणेकर पाटीचा दाखला देतो तो तिच्या तिखटपणासाठी. दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील, पत्ता विचारू नये, इत्यादी फर्मानांचे त्याला कोण कौतुक! पाटीपंडितांना त्या फर्मानांशी कर्तव्य नाही. आपला अपमान सुबक वळणात आणि सरळ शिरोरेषेखाली झाला असेल, तर त्यांची काहीएक हरकत नसते.

मराठीत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा असावा, असे ठरवणारा महाराष्ट्र शासनाचा २००९ सालचा निर्णय त्यांना संध्येसारखा मुखोद्गत आहे. सबब अप्पा बळवंत चौकात 'शालेय साहित्य' असा संगणकी फलक दिसला, की पहिल्याच शब्दात हिंदी वळणाचे दोन्ही गुन्हेगार शेजारी शेजारी उभे पाहून ते जागच्या जागी पंचनामा करतात. एका मंगल कार्यालयाच्या मागील दारावर 'आचार्यांनी इकडून यावे' असे वाचून मात्र ते खरोखर व्यथित झाले. चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' गाळून त्याच्या जागी रफार दिल्यामुळे, द्रोणाचार्यांपासून शंकराचार्यांपर्यंत सारी गुरुपरंपरा झारा-कढई घेऊन भटारखान्यात शिरत असल्याचे दृश्य त्यांना दिसले आणि आत चाललेल्या पंगतीला न बसताच ते परतले. (पुण्यात याहून मोठा निषेध संभवत नाही.)

त्यांचा भाचा त्यांना मोबाइलवर देशोदेशीची अक्षरे दाखवीत असतो. स्वित्झर्लंडात १९५७ साली निघालेला हेल्व्हेटिका टंक जगभर पूजिला जातो, हे ऐकून ते म्हणाले, "डोक्यावर वेलांटी नाही, पायाशी उकार नाही, जोडाक्षर तर औषधालाही नाही, अरे, विहिणींवाचून लग्न कोणीही पार पाडील!" शिवाय नाना फडणीसांच्या आश्रयाने पुण्यात गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरावयास घेतली होती, हे ते आवर्जून सांगतात, ती १८०५ साली छापून निघाली ती मिरजेस, हा तपशील सांगताना मात्र त्यांना खोकला येतो. तथापि हे गृहस्थ नुसते खाष्ट नव्हेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेल्या शीर्षकांची कात्रणे त्यांच्या दप्तरात रेशमी कापडात बांधलेली आहेत, आणि संगणकावरचा 'मंगल' टंक र. कृ. जोशी यांनी घडविला हे कळल्यापासून ते त्या यंत्राशी एकेरीत बोलत नाहीत.

गेल्या श्रावणात सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या भिंतीवर, कोणा विस्मृत रंगाऱ्याने कुंचल्याने काढलेली, 'येथे वाहन लावल्यास चाकातील हवा सोडली जाईल' ही पाटी त्यांना गवसली. तिच्यातील 'ह'चे पोट निरखावे म्हणून त्यांनी आपली स्कूटर नेमकी तिच्याच खाली लावली आणि पाऊण तास ते रस्त्याच्या पलीकडे तन्मय होऊन उभे राहिले. परत येऊन पाहतात तो दोन्ही चाके भुईसपाट, आणि दारात धोतराचा सोगा सावरीत मालक उभे.

"वाचता येतं ना?" मालकांनी विचारले.

"अहो, तेच तर करत होतो! रंगारी कोण होता हा?"

मालकांना ते ठाऊक नव्हते. पुढल्या महिन्यात येथे छापील पाटी येणार, एवढेच त्यांनी सांगितले. पंडितांनी घरी येऊन, आहे ती पाटी कायम ठेवावी आणि हवा सोडण्याची वहिवाटही पूर्ववत चालू राहावी, अशा आशयाचा दोन पानी अर्ज मालकांस सादर केला.

पाटी अजून तेथेच आहे. पंडित आता चालत जातात.