दहा महिन्यांचे पंचांग

आपल्या पंचांगात दर तीनेक वर्षांनी अधिक मास येतो आणि जावयांची चंगळ होते. क्षयमास मात्र दुर्मीळ. तो येतो 19 वर्षांनी, नाहीतर एकदम 141 वर्षांनी. सरकारी पंचांग याहून पुढारलेले आहे. त्यात दरवर्षी दोन महिन्यांचा क्षय होतो आणि तोही माणूस बघून. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा मे महिना लोप पावतो, त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांचा शाबूत राहतो. (गुरुजींनी राग मानू नये. त्यांचा मे त्यांना लखलाभ असो.)

आम्ही चिंचवडकर. यंत्र बंद पडले तर काय होते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. 2019 च्या मंदीत टाटा मोटर्ससारख्या कंपनीने ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवला, तेव्हा चाकणपर्यंतच्या छोट्या शॉपवाल्यांनीही शटर ओढले. पण कायम कामगाराला निदान भांडायला कागद होता. काम नसेल तर ले-ऑफमध्ये मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा द्यावा, अशी सोय 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने केली. त्यातून बदली कामगार वगळले, हंगामी कारखाने वगळले. कंत्राटी पोराला तर गेटवरचा सिक्युरिटीवालाच ‘उद्या येऊ नको’ म्हणतो, तोही कंत्राटीच.

आता चाकण ओलांडून खेड तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत चला. स्वयंपाकी आणि मदतनीस ताई तांदूळ निवडतात, आमटी रटरटवतात, भांडी घासतात. डिसेंबर 2009 पासून केंद्राने त्यांचे मानधन ठरवले: महिना 1000 रुपये, वर्षातले 10 महिने. 2021 मध्ये शालेय जेवणाच्या या योजनेचे बारसे नव्याने झाले, ती ‘पीएम पोषण’ झाली. हजार रुपयांना मात्र कुणी पाळण्यात घातले नाही. राज्याने आपली भर घालून रक्कम अडीच हजारांवर नेली, त्याबद्दल आभार. महिने दहाच राहिले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये या हजार रुपयांच्या कामाला सरळ बेगार म्हटले. ते उत्तर प्रदेशात. आपल्याकडे असे कठोर शब्द वापरत नाहीत, आपण ‘मानधन’ म्हणतो.

पोरांना मे महिन्यात भूक लागते, हे सरकारदरबारी सिद्ध झालेले आहे बरे का! दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच दिला. शिजवणारीच्या भुकेचा पुरावा अजून कुणी जोडलेला दिसत नाही.

विलायतेतल्या साहेबाचे काय, असे कुणी विचारेलच. 2020 मध्ये साहेबाने फर्लो काढला. घरी बसा, पगाराचे 80 टक्के सरकार देईल, महिन्याला जास्तीत जास्त 2500 पौंड. आकडा ओळखीचा वाटला ना? आपणही 2500 च देतो, फक्त चलन वेगळे आणि घरी बसल्यावर शून्य. त्याच काळात आपल्या केंद्र सरकारनेही 29 मार्चला टाळेबंदीत पगार कापू नका म्हणून फर्मान काढले होते. मे संपायच्या आत ते मागेही घेतले. मे महिन्याचे आणि आपल्या सरकारचे कधी जमतच नाही.

पण साहेबाला फार डोक्यावर घेऊ नका. बेडफर्डच्या एका शाळेतल्या संगीतशिक्षिकेने वर्षभर काम करणाऱ्यांइतक्याच भरपगारी रजेसाठी भांडून जुलै 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. सरकारने मग नियमच बदलले आणि 2024 पासून सत्रापुरत्या कामगारांची रजा पुन्हा कामाच्या तासांच्या मापाने मोजायला घेतली. बाई जिंकल्या, कायदा हरला.

आपल्या ताईंच्या क्षयमासांवर चापेकर चौकातल्या आमच्या एका एचआरवाल्या मित्राने तोड सुचवली. दहा महिन्यांचे 25,000 होतात ना? बाराने भागा. दरमहा 2083 रुपये. क्षय गेला, बारमाही उत्पन्न आले! हा मनुष्य लवकरच व्हाइस प्रेसिडेंट होणार यात मला शंका नाही.

खरी तोड आपल्याच महाराष्ट्रात जुनी आहे. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला गाळप थांबल्यावरही रिटेन्शन भत्ता मिळतो. उद्देश उघड आहे: पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला ओळखीचा हात हवा. साखरसम्राटांवर आम्ही या सदरात कमी का तोंडसुख घेतले? पण हंगामी माणूस बिनहंगामातही जेवतो, हे त्यांनी मान्य केले. अर्थात फुकट नाही, त्यासाठी कामगार संघटनांना लढावे लागले. चुलीजवळच्या ताई शाळेगणिक दोन-तीन, गावोगाव विखुरलेल्या. त्यांचा मोर्चा मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचतो तेव्हा शहराला वाहतूक कोंडीच तेवढी दिसते.

शहरातल्यांनी फार लांब जाऊ नये. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे नेट-सेट झालेले प्राध्यापक सुट्टीत काय करतात ते विचारावे. आणि शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशी आहेतच. तुमच्याकडून बसची फी बारा महिन्यांची घेतली असेल, तर ती पावती घेऊन एकदा जा आणि मावशींना किती महिन्यांचा पगार मिळतो, हे बसमालकाला विचारा. मावशींना नका विचारू, त्यांची नोकरी जाईल.