भाऱ्यावाला बुढा

लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमवर बोलायला रिसोडात माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मनातलं सांगायचं तर त्या अल्बमचा हाच गुण मला सर्वांत प्रिय आहे. पुण्यात माझ्यासारखे कट्ट्याकट्ट्यावर भेटले असते. इथे मार्केट यार्डासमोर चहा पिताना मी जॉन बॉनमच्या ड्रमचा विषय काढला, की समोरचा सोयाबीनच्या भावावर येतो आणि माझं एकमेवपण शाबूत राहतं.

ती एलपी मी हौसेनं जुनी विकत घेतली. वाजवायचं यंत्र माझ्याकडे नाही. गाणी मोबाइलवर ऐकतो. एलपी बैठकीत, येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी उभी असते. कोणीतरी विचारावं म्हणून.

विचारलं मायनं. "हा बुढा कोन हाय रे?"

नोव्हेंबर 1971 मध्ये निघालेल्या या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. बँडचा गिटारवादक जिमी पेजचा हट्टच तसा होता. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची अख्खी वरात मावते. यांनी पोपडे निघालेल्या भिंतीवर एक तसबीर टांगली. तसबिरीत काटक्यांचा भारा पाठीवर घेतलेला, वाकलेला म्हातारा.

मी मायला सविस्तर ऐकवलं. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्यापाशी ड्रम मांडून वरून माइक कसे सोडले. बॉनमनं 'फोर स्टिक्स' चार काठ्या हातात धरून कसं वाजवलं. पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये मुंबईत आले, तेच गाणं तिथल्या वादकांना घेऊन पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ते अधिकृतपणे निघायला 2015 उजाडलं.

मायची नजर भाऱ्यावरून हलेना. भारा हा तिचा प्रांत. "पाठीवर कायले घेतला? चुंबळ करून डोक्शावर घ्याव. पाठीवर घेतला का कंबर जाते. त्याची गेली, पाय." मग पराटी उपटायची कशी, तुराट्यांचा भारा आवळायचा कसा, दोर ओला का करायचा, वाटेत भारा टेकवायला बांध कोणता बरा... माझं ड्रमपुराण यापुढे फारच त्रोटक होतं.

त्या म्हाताऱ्याचं नाव लॉट लाँग. विल्टशरमध्ये गवताची छपरं शाकारायचा. फोटो 1892 च्या सुमाराचा. अल्बम कोट्यवधींनी खपला, चाहत्यांनी आत छापलेल्या चार खुणांचे अर्थ लावण्यात उमर घालवली, म्हाताऱ्याला 'प्रतीक' म्हणून मोकळे झाले; त्याचं नाव कळलं ते 2023 मध्ये. नाव न छापायची ऐट पेजला परवडली, कारण त्याचं नाव जगाला ठाऊक होतं. भारा वाहणाऱ्याला तशी ऐट करता येत नाही, त्याचं नाव आपसूकच राहून जातं. मायच्या मानेला पट्टा आहे. डॉक्टर वयाचं कारण सांगतात. भाऱ्यांबद्दल विचारत नाहीत.

"फोटोचे पैसे देले का त्याले?" मायनं विचारलं.

"तो कधीचाच गेला होता, माय."

"मंग त्याच्या पोरायले?"

मी घाईनं 'स्टेअरवे टू हेवन' लावलं. आठ मिनिटांचं गाणं. ड्रम यायलाच चार मिनिटं लागतात. तेवढ्यात विषय विरून जाईल, असा माझा हिशेब. मायनं डोळे मिटून अख्खं ऐकलं. माझी छाती भरून आली.

गाणं संपल्यावर तिनं डोळे उघडले.

"मंग? देले का नाही?"